पाठीवरचा हात आणि पायाखालची जमीन

पेणच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. दरवर्षी जुलैमध्ये, बाहेर पाऊस कोसळत असताना, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता घेतो. ती अभ्यासक्रमात असो वा नसो, घेतो. विद्यार्थ्यांनी ती आधी ऐकलेली असते. कुणी वक्तृत्व स्पर्धेत म्हटलेली असते, कुणी निरोप समारंभात. कविता संपली की वर्ग गप्प होतो. त्या शांततेला मी इतकी वर्षे कवितेचे यश समजत आलो आणि थोडे माझ्या शिकवण्याचेही.

एका जुलैत त्या शांततेत मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरून येते. तिच्या वाडीवरून महाविद्यालयात आलेली ती पहिलीच. ती म्हणाली, “सर, तो पडलेली भिंत परत बांधतोय ना? मग त्याला कोणी अडवत नाही का?”

वर्गात कोणीतरी हसले. मलाही प्रश्न कळला नाही. मी विचारले, “कोण अडवणार?”

“जागेवाला,” ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आस्वादक समीक्षेची जी हत्यारे मला विद्यापीठाने दिली, प्रतिमा, लय, भावनेचा संयम, त्यांतले एकही त्या प्रश्नाला लागू पडेना. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी कवितेला न्याय दिला पाहिजे. पुराने संसार धुऊन नेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो. नदीला तो शिव्याशाप देत नाही. माहेरी आलेल्या लेकीचे कौतुक करावे तसे तिच्याबद्दल बोलतो. बायको वाचली, तिला बरोबर घेऊन चिखल उपसणे चालू आहे, असे सांगतो. सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा तो उठतो. पैसे नकोत, एकटे वाटले म्हणून आलो, पाठीवर हात हवा. कविता सच्ची आहे. कुसुमाग्रजांच्या मानवतेविषयी मला शंका नाही. दुःखाचे प्रदर्शन न मांडता माणसाचा ताठपणा दाखवणारी अशी कविता मराठीत वारंवार लिहिली गेलेली नाही.

पण कवितेने न सांगता गृहीत धरलेले काय आहे? या माणसाला एक ‘सर’ आहेत. म्हणजे तो शाळेत टिकला, इतका की सर त्याला ओळखतात. त्याच्या घराला भिंत होती. ती पडली तर त्याच जागी पुन्हा उभी करण्याचा त्याचा हक्क कोणी नाकारत नाही; नाकारता येईल ही शंकाही कवितेत शिरत नाही. आणि तो पैसे नाकारू शकतो. नाकारण्यासाठी सुद्धा माणसापाशी काहीतरी असावे लागते. हे सारे असलेल्या माणसाचा कणा मोडत नाही, हे खरे. पण ही कविता जेव्हा पूरग्रस्त माणूस कसा असावा याचा आदर्श म्हणून म्हटली जाते, तेव्हा तिचा अर्थ फिरतो. प्रत्येक महापुरानंतर व्यासपीठावरून ती म्हटली जाते. म्हणणारा बहुधा पांढरपेशा असतो. खिशाकडे गेलेला त्याचा हात ही कविता सन्मानाने परत आणते. लढायचे पूरग्रस्ताने, पाठीवर हात ठेवायचा आपण! दोष कवीचा नाही. तो आपण केलेल्या वाचनाचा आहे, आणि त्या वाचनात मीही होतो.

आता त्या मुलीच्या वाडीकडे येऊ. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पेण, रोहा, सुधागड, कर्जत, खालापूर या पट्ट्यात कातकऱ्यांच्या वाड्या विखुरल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी वाड्या दुसऱ्या कोणाच्या सातबाऱ्यावर किंवा वनखात्याच्या हद्दीत उभ्या आहेत. जमीनमालकाला शेतावर राबणारे हात हवे होते तेव्हा त्याने जागा दाखवली. आज मुंबई सरकत सरकत पेणपर्यंत आली, जागेला भाव आला, तेव्हा तीच वाडी मालकाच्या डोळ्यांत खुपते. कच्चे घर उभे आहे तोवर चालते. ते पडले की मालकाचे काम पावसाने केलेले असते. त्याला काही करावे लागत नाही. नवी कूड उभारू दिली नाही की झाले.

याला दुसरीही एक बाजू आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जाते आणि पाऊस तोंडावर आला की परतते. घर शाकारायचे, कूड सारवायचे दिवस उन्हाळ्याचे. नेमके तेव्हा घरचा माणूस भट्टीवर दुसऱ्याच्या पक्क्या घरासाठी विटा पाडत असतो. म्हणजे वर्षातले कोरडे महिने हे घर रिकामे आणि धोक्याचे चार महिने भरलेले. पाऊस सर्वांवर सारखा पडतो असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

हे मी बाहेरून सांगतो आहे असे वाचकांनी समजू नये. माझे गाव रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठचे. आमची बौद्धवाडी गावाच्या सखल अंगाला. उंचावर देऊळ, मग कुळवाडी, मग आम्ही, आणि आमच्याही खाली ओढ्याच्या कडेला कातकरी. ही उतरण कोणी भूगोलाच्या पुस्तकात शिकवत नाही, पण नदीला ती पाठ असते. २६ जुलै २००५ला मी आठवीत होतो. रात्री पाणी घरात आले. आईने पहिल्यांदा माझे दप्तर माळ्यावर टाकले आणि मग तांदळाचा डबा. आम्ही शाळेच्या इमारतीत गेलो. तिथे गावाने एका खोलीत बस्तान मांडले, आम्ही दुसऱ्या खोलीत, आणि कातकरी व्हरांड्यात. त्यांना बाहेर राहा असे कोणी सांगितले नव्हते. खोलीत जागा होती. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्यांना आत या म्हणाले नाही, एवढेच. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता मी पुढे पुस्तकात वाचली. पाहिली होती ती त्या व्हरांड्याच्या दारातून. मी दाराच्या आतल्या बाजूला होतो.

चौथ्या दिवशी पंचनामा करायला एक कर्मचारी आला. माणूस वाईट नव्हता. आमच्यासारखाच चिखलात भिजलेला. त्याने वडिलांना विचारले, “घर कोणाच्या नावावर?” ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घरपट्टीसाठी आजोबांचे नाव होते. घराखालची जागा मात्र गावातल्या एका जमीनवाल्याच्या सातबाऱ्यात. कर्मचाऱ्याने बराच विचार करून ‘अंशतः पडझड’ लिहिले. कातकऱ्यांचे नाव ना सातबाऱ्यात ना नमुना आठला. त्यांच्यापाशी तो थांबलाच नाही. कागदात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

आपत्तीसंबंधी मराठीत सर्वांत जास्त लिहिला जाणारा मजकूर कविता नसून पंचनामा आहे. समीक्षकांनी तो वाचला पाहिजे. त्यालाही त्याची भाषा आहे, त्याचा नायक आहे. पंचनाम्याचा नायक म्हणजे मालक. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्र सरकारने ठरवलेले मदतीचे निकष पाहा. सपाट प्रदेशात पूर्ण नष्ट झालेल्या घराला १,२०,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये. पंधरापट अंतर! आणि एक टीप: घर अधिकृत बांधकाम असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असावे. त्या मुलीचा ‘जागेवाला’ या एका टिपेत बसला आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बागायतदारांचे नुकसान खोटे नव्हते. पिढ्यांची झाडे गेली. राज्य सरकारने फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. पण हेक्टर मोजायला आधी हेक्टर असावा लागतो. त्याच झाडांवर चढून नारळ उतरवणाऱ्याचा, सुपारी सोलणाऱ्या बाईचा रोजगार पुढची कित्येक वर्षे गेला. तो कोणत्या टेपाने मोजायचा? पेणच्या खारेपाटात उधाणाने बाहेरकाठ्याला खांड पडते आणि खारे पाणी शेतात शिरते, तेव्हाही असेच. पंचनामा पिकाचा होतो. चिखलात वाकून त्या पिकाची लावणी करणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा होत नाही. आगरी शेतकरी काही सावकार नव्हे, तोही गांजलेला आहे. पण त्याच्यापाशी दाखवायला निदान एक कागद आहे.

ही गोष्ट एका जिल्ह्यापुरती नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला. तिथे माणसे मेली ती बहुतांशी दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर येऊन. कुडाच्या, गवताच्या हलक्या झोपडीत माणूस वाचण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे एका पहाटेपुरता निसर्गाने गावचा क्रम उलटा केला होता. पुनर्वसनाने तो पुन्हा सरळ केला. नव्या गावांत घरे दिली ती जमीनधारणेच्या प्रमाणात: भूमिहीनांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनवाल्यांना ७५०. जुन्या गावात जो जेवढा होता तेवढाच नव्या गावात, याला आपण ‘पुनर्वसन’ म्हणतो. शब्द अचूक आहे. जे होते तेच पुन्हा वसवले.

समुद्रापलीकडेही हेच. आमच्या जुलैनंतर महिनाभराने, २९ ऑगस्ट २००५ रोजी, अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले. शहर सोडण्याचा हुकूम निघाला. ज्यांच्यापाशी मोटार होती ते गेले. मागे राहिलेल्यांत काळे, गरीब, म्हातारे यांचा भरणा होता. बांध फुटून लोअर नाइन्थ वॉर्ड ही काळ्यांची वस्ती वाहून गेली. नंतर घरबांधणीचे अनुदान ठरवताना घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत आणि बांधणीचा खर्च यांतली कमी रक्कम धरण्यात आली. काळ्यांच्या वस्तीतल्या घरांची बाजारकिंमत मुळातच कमी, म्हणून अनुदानही कमी. विटा आणि लाकूड मात्र गोऱ्यांच्याच भावाने! यावर खटला झाला आणि २०११मध्ये तडजोड झाली. १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव घेतले तेव्हा नाते दुःखाचे होते. आज ते कागदाचेही आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. दरड जात विचारून कोसळते का? २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. ती सारी दलित-आदिवासी होती असे मी म्हणणार नाही. कोकणातल्या कष्टकऱ्यांची ती घरे होती. दरडीला जात कळत नाही हे मान्य. पण दरडीखाली कोण राहतो हे दरडीने ठरवलेले नसते. १९ जुलै २०२३च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गाडली गेली. ठाकर आदिवासींची वाडी. तिथे जायला रस्ता नव्हता; मदतीला धावलेली माणसे पावसात डोंगर चढून पायी गेली, यंत्रे नेता आली नाहीत. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे विधिमंडळात सांगण्यात आले. ते सांगताना सूर असा होता की यादीत नाव नव्हते म्हणजे कोणाला कल्पना नव्हती. मला त्यातून निराळाच अर्थ लागतो. ज्या वाडीपर्यंत रस्ता गेला नाही, तिथपर्यंत यादी तरी कशी जाणार?

तरीही आपण म्हणतो, ‘निसर्गाचा कोप’. या शब्दाची परंपरा जुनी आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा मानला. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, असे त्यांचे म्हणणे. हा वाद पुष्कळदा सांगितला जातो. पण त्या भिंतींखाली अस्पृश्यही मेले असतील. त्यांना शिक्षा कोणत्या पापाची? हा प्रश्न त्या वादात ऐकू येत नाही. आज ईश्वराचे नाव गळाले, त्याच्या जागी निसर्ग आला. कोप तेवढा राहिला. कोपाला कोर्टात उभे करता येत नाही, म्हणून हा शब्द राज्यकर्त्यांना सोयीचा आहे.

साहित्यात याहून निराळी वाट नाही असे नाही. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) दुष्काळ आहे, रोगराई आहे, मांग-महारांची उपासमार आहे. पण अण्णाभाऊ आभाळाकडे बोट दाखवून थांबत नाहीत. धान्य मुलखात आहे, ते कुलपात आहे, हे फकिराला कळते आणि तो तिकडे जातो. ‘कणा’चा नायक चिखलाशी लढतो, फकिरा कुलपाशी. दोघेही शूर आहेत. पण उपाशी वस्तीला कोणाचे शौर्य उपयोगी पडले, हे विचारल्याशिवाय आपत्तीच्या साहित्याची समीक्षा पुरी होत नाही. आणि आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. आमच्या कथा-कवितांत महारवाड्यातला पूर आला, गळणारे छप्पर आले, आईचे भिजलेले सरपण आले. त्या व्हरांड्यातला कातकरी किती वेळा आला? आम्ही खोलीच्या आतून लिहीत राहिलो. मी आज पेणला स्लॅबच्या घरात राहतो. पाऊस मला खिडकीतून दिसतो. पहिल्या पिढीच्या पदवीधराला खिडकी फार लवकर मिळते.

मग उत्तर काय? ते आमच्याच जिल्ह्यात आहे. २००५च्या त्याच पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले. महाड-पोलादपूर भागात दीडशेहून अधिक माणसे गेली. दासगाव हे नाव आपल्या चळवळीला परके नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब बोटीने आले ते दासगावच्या बंदरावर उतरले. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले होते. तळ्यात पाणी नव्हते म्हणून अस्पृश्य तहानलेला नव्हता. पाणी होते, पाणी आणि माणूस यांच्यामध्ये एक नियम उभा होता. बाबासाहेबांनी दैवाला किंवा निसर्गाला बोल लावला नाही, त्या नियमाला हात घातला. महाडचा हा धडा आम्ही कमी पाण्यापुरता शिकलो. तो जास्त पाण्यालाही लागू आहे. पाऊस आहे, उतार आहे. आणि त्या दोहोंमध्ये माणसाला नेऊन ठेवणारा एक नियम आहे: सातबाऱ्याचा, गावठाणाच्या हद्दीचा, ‘अधिकृत’ या शब्दाचा.

पुढच्या तासाला मी वर्गात कविता नेली नाही. १९४८चा कूळकायदा नेला. शेतमजुराला आणि कारागिराला त्याच्या राहत्या घराच्या जागेवरून हुसकण्याविरुद्ध त्यात संरक्षण आहे, हे वाचून दाखवले. मराठीच्या तासाला कायदा कशाला, असे एका सहकाऱ्याने नंतर विचारले. मी म्हटले, कालच्या कवितेचे स्पष्टीकरण अपुरे राहिले होते. त्या मुलीने कलमाचा आकडा वहीत उतरवून घेतला आणि विचारले, “सर, हा अर्ज कोणाकडे करायचा?”

तेव्हापासून आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी रविवारी वाड्यांवर जातो. घर कधीपासूनचे, जागा कोणाची, नमुना आठला नाव आहे का, उतार किती, ओढा किती दूर, हे लिहून काढतो. हे काम पावसाच्या आधी व्हायला हवे; पाऊस पडल्यावर उरतो तो पंचनामा. या पत्रिकेच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी आपापल्या तालुक्यातल्या एका तरी वाडीची अशी वही करावी आणि ग्रामसभेत मांडावी. ‘कणा’ शिकवायची असेल तर जरूर शिकवावी, मीही शिकवणार आहे. पण कविता संपल्यावर वर्ग गप्प झाला तर समाधान मानू नये. मागच्या बाकाकडे पाहून विचारावे: ही भिंत उभी राहते आहे ती जागा कोणाची?